आश्रुबाचा भोंगा

तेलगावच्या चौकात लखनची पिकअप बंद पडली, तेव्हा मागच्या हौद्यात आश्रुबा पांढऱ्या कापडात आडवा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. घाई होती ती बाकीच्यांना. उशाशी बसलेली त्याची बायको सुंदरबाई, पायथ्याशी बसलेला मुलगा शहादेव आणि स्टिअरिंगवर बसून किल्लीला शिव्या घालणारा भाचा लखन. दिवस उन्हाळ्याचे, मयत बीडहून निघालेलं, आणि तिकडं दिंद्रुडच्या पुढं गावात लोक लाकडं रचून वाट बघत बसलेले. अशा वेळी गाडीनं मान टाकावी, याला काय म्हणायचं!

आश्रुबानं मरताना एकच गोष्ट मागितली होती. "मला गावाकडं न्या. पन गुपचूप न्या. हॉर्नसुदिक वाजवू नका. गाव एकदा हसलं, तेवढं बास." सुंदरबाईनं त्याचा हात हातात धरून तसा शब्द दिला होता.

गाव हसलं होतं ते सरपंचाच्या निवडणुकीत. आश्रुबा उभा राहिला. उभं राहा म्हणून त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण डोक्यात घेतलं म्हणजे घेतलं. लखनच्या पिकअपच्या टपावर भोंगा बसवला आणि सगळे सांगत होते की बरा आवाज असलेला माणूस बघा, तरी पठ्ठ्यानं स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात प्रचार भरून घेतला. "रामराम मंडळी! मी आलोय!" लोकांनी पटापट दारं लावून घेतली. निकाल लागला तेव्हा पाव्हण्यारावळ्यांची होती तेवढीही मतं पडली नव्हती, आणि बंकटराव गुलालात न्हाऊन सरपंच झाले. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानंतर आश्रुबा पारावरून जायला लागला की कोणीतरी हमखास ओरडायचं, "मी आलोय!" आणि सगळा पार खदखदायचा. शेवटी त्यानं गाव सोडलं, बीडला पोराकडं जाऊन राहिला, तो आज असा परत निघाला होता.

तेलगावच्या चौकातच पाशाभाईचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. हे एका अर्थानं बरं झालं आणि एका अर्थानं वाईट, कारण या गाडीची वायरिंग पाशाभाईनंच केली होती. पाशाभाई बोनेट उघडून आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"अबे लखन, हे तर सगळं लालच हाय की."

"तुमीच टाकलंय पाशाभाई. माझी वायरिंग जळाली तवा तुमच्याकडं लाल वायरीचं एकच बंडल व्हतं. मी म्हनलो व्हतो, येगयेगळ्या रंगाची आना. तुमी म्हनले, काय गरज न्हाई, मला पाठ हाय."

"तवा पाठ होतं. आता नातवांची नावं पाठ ऱ्हायना झालीत."

"पाशाभाई, मयत हाय गाडीत," शहादेव हौद्यातून म्हणाला. "हात चालवा जरा."

पाशाभाईनं मागं येऊन बघितलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. "या अल्ला, आश्रुबाभाऊ! ह्यांचा भोंगा मीच बसवला होता की." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि मग तर त्याला लाल वायरी आणखीच एकसारख्या दिसायला लागल्या.

चौकातल्या कोणीतरी दुसरा टेम्पो करा म्हणून सुचवलं. सुंदरबाई सकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "एका गाडीत ठेवलेलं मयत दुसऱ्या गाडीत घालत न्हाईत. ह्याच गाडीतून जातेल ते." तो विषय तिथंच संपला.

पाशाभाईनं जळकी वायर शोधली, तोडली, दातानं सोलली, दुसऱ्या एका लाल वायरीला जोडली आणि वर टेप गुंडाळला. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन धडधडायला लागलं. "आता घरी जाईपत्तर इंजिन बंद करू नको," पाशाभाईनं बजावलं. "बंद केलं तर मग मी जबाबदार न्हाई." लखननं हात जोडून गाडी काढली. चौकाच्या टोकाला गतिरोधक होता. लखननं ब्रेक दाबला.

"रामराम मंडळी! मी आलोय!"

टपावरचा भोंगा असा कडाडला की चहाच्या टपरीवरची दोन माणसं उठून उभी राहिली. शहादेव हौद्यात पाठीवर पडला. सुंदरबाईनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंड मिटलेलं होतं.

पाशाभाई चप्पल हातात घेऊन पळत आला. "भोंग्याचं मशीन काढलं न्हाईस कावून बे?"

"मामा काढ म्हनला न्हाई! आन् मी इचारायचं तरी कसं? निवडनुकीत पडलेल्या मानसाला भोंग्याचं इचारतेत का?"

म्हणजे सीटखाली ते मशीन आणि त्यात खुपसलेला पेनड्राइव्ह तसाच होता. पाशाभाईच्या नव्या जोडामुळं ब्रेकच्या दिव्याचा करंट आता थेट त्यालाच मिळत होता. ब्रेक दाबला की आश्रुबा पहिल्यापासून सुरू, सोडला की गप. पाशाभाईनं "ही असंन" म्हणत एक वायर तोडली आणि इंजिन बंद पडलं. ती परत जोडून गाडी चालू करताना त्याचा सगळा सदरा घामानं भिजला. मग लखननं त्याचा दंड धरून त्याला केबिनमध्येच ओढलं. "आता तुमी संगंच चला. तुमचंच बाळंतपन हाय हे."

दिंद्रुडपर्यंत गतिरोधक किती, हे रस्ता करणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्येक ठिकाणी आश्रुबा मंडळींना रामराम घालत होता आणि प्रत्येक वेळी शहादेवचा चेहरा आणखी उतरत होता. दिंद्रुडला बाजाराची गर्दी होती. तिथं पावलापावलाला ब्रेक दाबावा लागत होता. "तुमचा आश्रुबा तुमच्या दारात आलाय!" भोंगा सांगत होता. कांदे निवडणारा एक म्हातारा कौतुकानं हौद्याजवळ आला.

"कावून हो, कशाची निवडनूक लागली?"

"कशाची न्हाई बाबा," शहादेव मान खाली घालून म्हणाला.

"मंग उमेदवार कुठं हाय?"

"ह्यो काय, हितंच."

"झोपले व्हय? झोपू द्या, झोपू द्या. लई दगदग अस्ती." एवढं बोलून म्हातारा टाचा उंचावून बघायला गेला आणि नाकातला कापूस दिसल्यावर कांदे तसेच टाकून निघून गेला.

बाजाराबाहेर आल्यावर शहादेवनं गाडी थांबवली, टपावर चढला आणि भोंग्यात गोणपाट कोंबलं. वरून लखनचं उपरणंही ठासलं. "आता बोला म्हनावं," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण बोलणारा त्याचा बापच होता. लखननं ब्रेक दाबून बघितला. आवाज आला, पण आतल्या आत, घरघरत, अडकत. गेल्या आठवड्यात खाटेवर आश्रुबा पाणी मागायचा, तो अगदी असाच.

"काढ ते!" सुंदरबाई ओरडली. "काढ आधी! जीव घुसमटायलाय त्येंचा!"

"आये, मशीन हाय ते."

"मशीन असू दे न्हाईतर काय असू दे. मेलेल्या मानसाचा गळा दाबतो व्हय रे?"

शहादेवनं गोणपाट उपसून काढलं आणि टपावरच बसून रडला. त्याला काय करावं तेच समजेना. "आये, तू शब्द दिलाय त्यांला," तो म्हणाला. "गाव पुन्यांदा हसंन. 'मी आलोय' म्हनत बाप गावात शिरला, तर आपन तिरडीला खांदा द्यायचा का लोकांची तोंडं बगायची?" सुंदरबाईनं नवऱ्याच्या तोंडावरची माशी पदरानं हाकलली.

तोड काढली ती लखननं. इथून पुढं ब्रेक दाबायचाच नाही! सगळी वाट पहिल्या गिअरमध्ये, आणि घरापाशी हँडब्रेक. एका माणसाच्या चालीनं पिकअप निघाली. मागून आलेला बैल भरलेला टेम्पो पुढं गेला, एक सायकलवाला पुढं गेला, एक शेळ्यांचा कळपही पुढं गेला. पण आश्रुबा गप्प होता. वेशीतून गाडी आत आली, पार मागं पडला, तरी भोंग्यातून हूं की चूं नाही. दोन्ही बाजूंना माणसं डोक्यावरचे रुमाल काढून उभी होती. केबिनमध्ये पाशाभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

आश्रुबाचं घर उतारावर आहे. घर दिसल्याबरोबर लखननं हँडब्रेक ओढला. तो आला तसा परत गेला, कारण त्याची वायर कधीच तुटलेली होती आणि ही गोष्ट लखनच्या आत्ता ध्यानात आली. नेमके त्याच वेळी सरपंच बंकटराव हातात हार घेऊन, मान खाली घालून, गाडीपुढं आले. लखननं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"रामराम मंडळी! मी आलोय!"

सगळी गल्ली जागच्या जागी थिजली. बंकटरावांच्या हातातला हार खाली पडला. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला तिथंच एक ठेवून दिली.

"पाय काढ लखन!" शहादेव ओरडला.

"कसा काढू? गाडी सरपंचाच्या अंगावर जाईन!"

"मंग पाशाभाई, तोडा! सगळ्या तोडा!"

पाशाभाईनं पक्कड घेऊन लाल वायरींचा अख्खा झुबकाच धरला. तेवढ्यात मागून सुंदरबाईचा आवाज आला. "ऱ्हाऊ द्या पाशाभाई. शब्द तर माझा तेलगावलाच मोडलाय. आता बोलू द्या त्यांला."

प्रचाराच्या वेळी कोणत्याही गल्लीत लखनची गाडी भाषण संपेपर्यंत थांबली नव्हती. थांबून करायचं काय, दारं तर बंद. आज दारं उघडी होती आणि लखनचा पाय ब्रेकवर होता.

"तुमचा आश्रुबा तुमच्या दारात आलाय," भोंगा म्हणाला. "दारं लावू नका. मत द्या, न्हाईतर देऊ नका, तुमची मर्जी. मला भाषन येत न्हाई. मी आपला ह्याच गावचा, दुसरीकडं कुठं जानार हाय? कुनाला वाईटवंगाळ बोललो असंन तर पोटात घाला. आता ज्याचं मन आश्रुबाकडं हाय, त्यानं हात वर करा."

आणि भोंगा थांबला. नुसती खरखर ऐकू येत होती. हात मोजायला म्हणून आश्रुबानं प्रचार भरतानाच मध्ये जागा सोडली होती, आणि चांगली ऐसपैस सोडली होती.

पहिला हात शेजारच्या सत्यशीलाबाईनं वर केला, तोही डोळे पुसता पुसता. मग तिच्या दारातल्या बायांनी केला. मग पारावरची माणसं आली होती, त्यांनी एकमेकांकडं न बघता केला. 'मी आलोय' म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माऊली त्यांच्यातच होता. त्यानं दोन्ही हात वर केले. केबिनमधून पक्कड धरलेला पाशाभाईचा हात बाहेर आला. शेवटी बंकटरावांनीही इकडंतिकडं बघून आपला हात वर केला. कोणी हसलं नाही.

सुंदरबाई उठून उभी राहिली. तिनं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "सगळ्यांनी केला बरं का."

"लई उपकार झाले," भोंगा म्हणाला. "येतो मंडळी."

खरखर बंद झाली. शहादेवनं उडी मारून चाकाखाली दगड लावला, तेव्हा कुठं लखनचा पाय ब्रेकवरून निघाला. तरी गल्ली तशीच उभी होती. हात खाली कधी घ्यायचे, ते आश्रुबानं सांगितलं नव्हतं.

"बंकटराव, हात खाली घ्या आता," सुंदरबाई म्हणाली. "त्यांला उतरवायला हात लावा."