शाल्मलीबाईंस प्रथम पसंती मिळाली त्याचे वर्तमान

श्री. बुद्धीची देवता प्रसन्न असो, सरकारची वेबसाईट चालती असो. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढमासी या राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धामधूम जाहली, ते समयीचे वर्तमान आपण पुसिले, म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो.

राज्यात कॉलेजरूपी गड बहुत. त्यांत राजधानीचा थोरला गड सर्वांत नामांकित, आणि दातीरांच्या घराजवळचा धाकटा गड मध्यम. दातीर घराण्यात विनायकराव म्हणोन बँकेतील अधिकारी, आभाळ निरभ्र असता छत्री बाळगणारे, आणि त्यांची एकुलती कन्या शाल्मलीबाई. बाईंस पुलांचे वेड. थोरल्या गडी पुलांचे नमुने वजन लादून मोडून पाहतात, ती प्रयोगशाळा बाईंनी एकदा पाहिली आणि सिव्हिल शिकावे तर येथेच, ऐसा निश्चय केला. धाकट्या गडीही सिव्हिल होते, परंतु प्रयोगशाळेत पुलाची तसबीर तेवढी होती. मग परीक्षा जाहली आणि बाईंस सत्त्याण्णव पर्सेंटाईल व वर थोडके पडले. गतवर्षी थोरल्या गडाचा दरवाजा अठ्ठ्याण्णवास मिटला होता. आता शक्यता किती, हे पुसावयास विनायकराव क्लासचे मुख्य रामलिंग सर यांजकडे गेले. सरांचे द्वारी पालकांची फौज उभी. सरांनी गतवर्षीचे आकडे पाहिले, मान हलविली आणि थोरला गड कठीण ऐसे सांगितले. तेच बाहेरच्या फौजेसही सांगितले.

मग घरी पसंतीक्रम भरावयाची मसलत बैसली. विनायकरावांनी धाकटा गड प्रथम लिहावा म्हणोन आग्रह धरिला. बाई म्हणाल्या, "बाबा, वरचं नाही मिळालं तर खालचं मिळतंच. पण खालचंच आधी मागितलं, तर वरचं कोण देणार?" राव म्हणाले, "पहिली जागा वाया घालवू नकोस, बाळा. खात्रीचं आधी लिही." मातोश्री सुलभाबाई मधे पडल्या, परंतु रावांचा जीव धास्तावलेला, त्यांस काही सुचेना. कन्या बापाचे मुखाकडे पाहून नरमली आणि धाकटा गड प्रथम, थोरला गड द्वितीय, ऐसे लिहून अर्ज कायम केला. आम्हांस हे लिहिताना आजही वाईट वाटते.

पहिल्या फेरीचा निकाल लागला आणि धाकटा गड मिळाला. राव बहुत संतोषले, पेढे वाटिले, सरांस फोन केला. राज्याचा कायदा ऐसा की पहिल्या फेरीत प्रथम पसंती मिळाली, त्याने तेथेच जावे, पुढील मोहीम त्यास बंद. हे रावांस ठाऊक होते आणि त्यांस ते सोयीचेच वाटले. मग सायंकाळी थोरल्या गडाचा आकडा प्रसिद्ध जाहला. सरांच्या फौजेतील समस्त बापांनी भिऊन तो गड खाली लिहिला होता, आणि दरवाजा यंदा सत्त्याण्णवाच्याही खाली येऊन मिटला होता. राव आकडा पाहात राहिले, पेढ्यांचा पुडा हाती तैसाच. बाईंनी तो घेऊन टेबलावर ठेविला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तुम्ही शक्यता विचारायला गेला होतात ना? एवढी होती."

त्या रात्री कोणी जेविले नाही.

सारांश, शाल्मलीबाई धाकटे गडी सुखरूप दाखल जाहल्या आणि अभ्यास उत्तम करितात. हल्ली कोणी पालक सल्ला पुसावयास आला, तर विनायकराव त्याच्या मुलास बोलावून आधी त्याचे ऐकून घेतात. सरकारदफ्तरी मात्र नोंद कायम आहे, की या उमेदवारास तिची प्रथम पसंती मिळाली.