नम्रतेला पाच दिवे

विष्णुपंतांचा मूळ बेत अगदी सात्त्विक होता. सांगलीच्या विठ्ठलमंदिरातील त्यांच्या सत्संगमंडळासाठी सौमित्रने, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, नव्व्याण्णव साली इंटरनेटवर एक फलक उघडून दिला होता. सभासदांनी आपापल्या गावाहून एकेका ओवीवर चिंतन लिहावे व इतरांनी ते वाचावे. प्रत्यक्षात लिहीत विष्णुपंतच आणि वाचतही विष्णुपंतच. (स्वतःच्या चिंतनाखाली त्यांनी एकदोनदा ‘वा’ असेही लिहिले, पण ते निराशेच्या भरात.)

म्हणून त्यांनी ठरवले : प्रत्येक मजकुराला एक दिवा. नावापुढे दिव्याचे चित्र उमटेल, आणि ज्याचे दिवे अधिक त्याला उत्सवात पहिल्या आरतीचा मान. हा मान एकोणीस वर्षे विष्णुपंतांकडेच होता. तो जाईल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. फक्त आता तो जिंकल्यासारखा दिसला असता.

संगणक शेजारच्या कल्लाप्पांच्या हळदीच्या पेढीवर होता. कल्लाप्पा जैन, मंडळाबाहेरचे. तेव्हा निःपक्षपाती पंच म्हणून दिवे तेच मोजणार होते.

तिसऱ्या दिवशी कल्लाप्पांनी निरोप धाडला, “काका, कराडच्या भाऊसोंचे तीनशे दिवे झाले.”

भाऊसोंनी एकच चिंतन लिहिले होते. मात्र एका वेळी एक शब्द.

विष्णुपंतांनी तत्काळ नियम पालटला. मागचे दिवे रद्द. यापुढे दिवे केवळ नम्रतेला. एकमेकांना लिहिणाऱ्या दोघांत कल्लाप्पांना जो अधिक लीन वाटेल, त्याला पाच. नम्रता काही तुकड्यांनी लिहिता येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

भाऊसोंनी लिहिले, ‘पंत, मी तुमच्या पायतानाखालची माती हाय.’

‘मी त्या मातीतला निरुपयोगी खडा,’ विष्णुपंतांनी उत्तर दिले.

‘खडा टोचतो तरी. तेवढं मोठेपण आपल्यात न्हाई.’

पाच दिवे कराडला गेले.

मग सारे मंडळच लीन झाले. साताऱ्याच्या एका निवृत्त मामलेदारांनी आपण किड्याहून क्षुद्र असल्याचे मुद्देसूद सिद्ध केले. वाईच्या हरणाबाईंनी त्यावर त्या किड्याची क्षमा मागितली. उत्सव दोन दिवसांवर आला तेव्हा भाऊसो पंचावन्न दिव्यांनी पुढे होते आणि विष्णुपंतांजवळचे दोष संपले होते.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “अगं, माझे काही अवगुण सांगतेस?”

उमाताई कणीक मळत होत्या. “किती हवेत?”

“बारा पुरेत.”

“बारा तर आज सकाळचेच आहेत. बसा, वही घ्या.”

त्या तासभर सांगत होत्या आणि आठवण्यासाठी एकदाही थांबल्या नाहीत. (हे विष्णुपंतांना जरा लागले.) त्या बळावर ते पाच दिव्यांनी जिंकले.

उत्सवाच्या दिवशी कल्लाप्पांनी निकाल वाचला. तबक पुढे आले. आता सर्वांत नम्र माणसाने तबकावर झडप कशी घालावी? दोनदा नाही म्हणायचे, लोकांनी आग्रह करायचा, तिसऱ्यांदा मान लववून हात पुढे करायचा, ही जुनी रीत विष्णुपंतांना पाठ होती.

“छे, छे. माझा कसला अधिकार?” ते म्हणाले आणि आग्रहाची वाट पाहू लागले.

“खरं हाय,” भाऊसो हात जोडून म्हणाले. “पंत कदी खोटं बोलत न्हाईत.”

“माझ्यासारख्या पतिताने देवापुढे उभे तरी कसे राहावे?” विष्णुपंतांनी आवाज चढवला.

मंडळी गहिवरली आणि त्यांना वाट करून देण्यासाठी दोन्ही बाजूंना सरकली, दाराकडची वाट.

तबक भाऊसोंकडे गेले. तेही नको म्हणाले. मामलेदारांनी मागे हटता हटता खांबाला पाठ टेकवली, हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. कापूर निम्म्यावर आला.

“द्या इकडे,” उमाताई म्हणाल्या. “देव केव्हाचे ताटकळलेत.” त्यांनी तबक घेतले आणि खणखणीत आवाजात आरती सुरू केली. “अहो, टाळ तरी धरा. की त्याचाही अधिकार नाही?”

विष्णुपंतांनी टाळ धरले.

प्रसाद घेताना कल्लाप्पा त्यांच्याजवळ आले. त्यांचे डोळे पाणावले होते. “काका, हातातला मान सोडलात. असं लीन मन मी बघितलं न्हाई. पंचवीस दिवे मांडलेत तुमच्या नावावर.”

विष्णुपंतांनी इकडेतिकडे पाहिले, भाऊसो लांब असल्याची खात्री केली आणि हळूच विचारले, “पुढच्या वर्षाला धरणार ना?”