कौशल्याअक्काची सरकारी रेषा

जगात ज्या वस्तू अजिबात हलत नाहीत, त्यांत जमिनीचा क्रमांक पहिला लागतो. म्हणूनच माणसे दागिने मोडून जमीन घेतात आणि म्हणूनच तिच्यावर हद्दीची रेषा काढतात. रेषा जमिनीवर असली की तीही हलत नाही, असे मानण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे शेजारी शेजाऱ्याशी बोलतो आणि कार्यालये वेळेवर बंद होतात.

बेंगळुरूत शिवाजीनगरच्या मागे, रुळांना समांतर, सिग्नल गल्ली आहे. (गल्लीत सिग्नल नाही. तो रुळांवर आहे. तो लाल झाला की गल्लीतल्या बायका चहा टाकतात, कारण गाडी थांबली की खिडकीतले प्रवासी घरात डोकावतात आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात राहिलेले बरे.) इथली मराठी घरे इतकी जुनी की माणसे घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही बोलतात. शेवटून तिसरे घर कौशल्याअक्काचे. वय एकाहत्तर. चाळीस वर्षे तिने ब्लाउज शिवले, त्यामुळे अर्धा इंच म्हणजे किती हे तिला सरकारपेक्षा जास्त नेमके कळते.

घराच्या खरेदीखतात चार दिशा स्वच्छ अक्षरात दिल्या आहेत. उत्तरेस सुब्बाराव, दक्षिणेस गटार, पश्चिमेस रस्ता, पूर्वेस रेल्वे. रेल्वेच्या जुन्या नकाशातही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिले आहे : पश्चिमेस घरे. घर आणि रूळ यांच्यामध्ये साठ फुटांची झुडपांची पट्टी आहे. ती कोणाची, हे ठरवण्याचा मान दोन्ही कागदांनी एकमेकांना दिला होता. असा विनय आता कागदांत सापडत नाही.

हे सगळे अक्काला कळण्याचे काही कारण नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी वाऱ्याने स्वयंपाकघराचे पत्रे उडाले. तिने सिमेंटचा स्लॅब टाकायचे ठरवले. महापालिका म्हणाली, घर रेल्वे-हद्दीपासून तीस मीटरच्या आत आहे, रेल्वेचा ना-हरकत दाखला आणा. रेल्वे म्हणाली, आधी हद्द कुठे आहे ते मोजून आणा. मोजणी कार्यालय म्हणाले, महापालिकेचे पत्र आणा. तिन्ही उत्तरे बरोबर होती. शाळेत अशा उत्तरांना पैकीच्या पैकी गुण मिळतात.

सर्जापूर रोडला बाराव्या मजल्यावर राहणारा अक्काचा मुलगा प्रतापराव एका रविवारी आला. छपराच्या जागी बांधलेली निळी ताडपत्री आणि तिच्याखाली छत्री धरून वरण ढवळणारी आई त्याने पाहिली.

"आई, पुरे झालं. छप्पर झालं नाही, तर मी तुला उचलून नेणार आहे."

"बेडा रे, नको. तुझ्या घरात मी सकाळी दारात रांगोळी काढली की तो युनिफॉर्मवाला येऊन पुसतो."

"छप्पर कधी होणार ते सांग."

"होईल. स्वल्प थांब."

म्हणजे प्रश्न स्लॅबचा नव्हता. अक्का स्वतःच्या घरात राहणार की बाराव्या मजल्यावर, हा होता. हे कोणत्याही अर्जात लिहिलेले नव्हते, कारण अर्जात तसा रकाना नव्हता.

यथावकाश महापालिकेचे पत्र मिळाले आणि मोजणीदार अनिलकुमार आला. त्याच्याकडे तिसराच नकाशा होता. त्याने टेप लावली, हिशेब केला आणि अक्काच्या स्वयंपाकघरात, मागच्या भिंतीपासून नऊ फूट आत, लाल गुळगुळीत जमिनीवर चुन्याची पांढरी रेषा मारली. मोरी महापालिकेत राहिली. शेगडी रेल्वेत गेली.

"अम्मा, ही हद्द. आता शेगडी हलवू नका. ती रेल्वेच्या जागेत आहे."

"आणि मी?"

"तुम्ही त्या वेळी कुठे उभ्या आहात त्यावर आहे."

त्याने नोटीस दिली. संयुक्त पाहणी होईपर्यंत सदर रेषा सुस्पष्ट व अखंड राखण्याची जबाबदारी घरमालकाची राहील. रेषा पुसल्यास कारवाई होईल. पाहणी पंधरा दिवसांत होणार होती. (ती चौदा महिन्यांनी झाली. पंधरा या आकड्याचा अर्थ सगळीकडे सारखाच घ्यावा असे बंधन नाही.)

"मी रोज केर काढते, अण्णा. झाडू फिरवू नको?"

"फिरवा की. गेली तर परत काढा. रोज फोटो पाठवा, म्हणजे ऑफिसला कळेल."

"चुना नाही माझ्याकडे. रांगोळी चालेल?"

अनिलकुमारने नोटीस दोनदा वाचली. रांगोळी चालणार नाही असे तीत कुठेही नव्हते.

"सरी, चालेल," तो म्हणाला.

इथून पुढे अक्काने सरकारी काम जितक्या निष्ठेने केले, तितके ते नेमणूकपत्र घेऊनही कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ती रोज पहाटे केर काढी. चुन्याचा पुसट डाग जमिनीवर उरे. आता शिळ्या रांगोळीवर ताजी काढत नाहीत, हे तिला तिच्या सासूने शिकवले होते. म्हणून ती कालच्या डागाला लागून नवी रेषा ओढी. आणि कोणतेही चांगले काम पूर्वेकडे तोंड करून करावे, हेही सासूनेच शिकवले होते. पूर्वेकडे तोंड करून बसले की पुढची जागा पूर्वेला येते. पूर्वेस रेल्वे.

तर रेषा रोज दोन बोटे पुढे जाई. दोन बोटे म्हणजे दीड इंच. मग ती फोटो काढून पाठवी. प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा येई, त्यामुळे फोटो आपोआप साक्षांकित होई. कार्यालयात एक कारकून आजचा फोटो कालच्या फोटोशी ताडून पाही. दोन बोटांपर्यंतचा फरक हाताच्या चुकीत मोडतो, असे परिपत्रक होते. तो लिही : सुसंगत.

बहात्तराव्या दिवशी रेषा भिंतीपाशी पोचली. भिंत नऊ इंची. पुढचे सहा दिवस अक्काने रेषा भिंतीवरच काढली, कारण दुसरा इलाज नव्हता. (ते सहा फोटो 'अस्पष्ट, परंतु सुसंगत' या शेऱ्यासह फाइलीत आहेत.) एकोणऐंशीव्या दिवशी ती मागच्या दाराबाहेर रांगोळीचा डबा घेऊन बसली.

"अक्का," भिंतीवरून सुब्बाराव म्हणाले, "तुमची लायन आज कुठवर आली?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमच्या हद्दीत नाही आली ना?"

"नाही. पण माझं घर उत्तरेला आहे याचा आज पहिल्यांदाच आनंद झाला."

पहिला पावसाळा ताडपत्रीखाली गेला. प्रतापराव दोनदा गाडी घेऊन आला आणि दोनदा रिकामा परत गेला. दुसऱ्या वेळी त्याने आईची ट्रंक डिकीत ठेवली होती. अक्काने ती उतरवून घेतली आणि म्हणाली, "पाहणी बाकी आहे. मी गेले तर रेषा कोण काढणार? कारवाई होईल."

चारशे पंचविसाव्या दिवशी संयुक्त पाहणी झाली. रेल्वेचे एक साहेब आले, अनिलकुमार आला, फाइल आली. रेषा तोवर भिंतीपासून त्रेचाळीस फूट बाहेर होती आणि रूळ सांभाळणाऱ्या गँगच्या हत्यारांच्या खोलीतून गेली होती. एका बाजूला फावडी होती, दुसऱ्या बाजूला पहारी. रेषा सुस्पष्ट होती. अखंड होती. दोन्ही टोकांना छोटी कमळे होती.

साहेबांनी विचारले, "ही रेषा आधी कुठे होती?"

"काल होती आजच्यापेक्षा दोन बोटं मागे."

"आणि परवा?"

"कालच्यापेक्षा दोन बोटं मागे."

साहेब समाधानी झाले. पहिला फोटो कोणी पाहिला नाही, कारण फाइल वरून उघडते आणि पहिला कागद तळाशी असतो. निष्कर्ष स्पष्ट होता. रेल्वेची अर्धी खोली कौशल्याअक्काच्या जागेत होती. रेल्वेने अतिक्रमण केले होते.

तेवढ्यात गँगचा मुकादम रघुपती म्हणाला, "साहेब, या खोलीचं छप्परही गळतंय. दुरुस्ती मंजूर आहे."

"मग आता या बाईंचा ना-हरकत दाखला लागेल."

अक्काने तिथल्या तिथे पेन मागितले. "देते. माझाही द्या."

साहेब सज्जन होते. त्यांनी तिला नीट समजावले. तिचे घर आता पूर्णपणे तिच्या जागेत होते, त्याबद्दल अभिनंदन. पण हद्द अजून तीस मीटरच्या आत होती. नियम तसाच होता. दाखला हवा, तर प्रकरण वर जाईल. वर किती वेळ लागतो ते साहेबांनाही माहीत नव्हते.

"आणि तीस मीटरच्या बाहेर गेली तर?"

"मग आमचा संबंधच नाही."

अक्काने मनात हिशेब केला. पंचावन्न फूट, दोन बोटांनी, चारशे एक्केचाळीस दिवस. वरच्या कार्यालयापेक्षा कमी.

अडचण एकच होती. पुढे रूळ होते, आणि रुळांवर जाणे हा गुन्हा आहे, शिवाय गुडघे दुखतात. ती साहेबांना म्हणाली, रेषा अखंड राखणे माझी जबाबदारी आणि रुळांवर जायला मला मनाई, मग मी काय करू? हा पेच साहेबांनी रीतसर सोडवला. ज्यांना रुळांवर जाण्याचा अधिकार आहे, अशा कर्मचाऱ्यांकडे हद्द-रेषेची देखभाल सोपवण्यात यावी. रघुपतीच्या कामाच्या यादीत एक ओळ वाढली.

पुढचे आठ दिवस अक्काने चिमटीतून रांगोळी कशी सोडायची ते गँगला शिकवले.

"अंगठा सैल सोड. पहार नाही ती. आणि शिळ्यावर ताजी नाही काढायची, लागून काढायची."

"कोणत्या बाजूला, अक्का?"

"तोंड पूर्वेला कर. हात आपोआप जातो."

आणि गेला. हातात झेंडी, तोंडात शिट्टी, अशा पूर्ण बंदोबस्तात रेल्वेच्या माणसांनी रेल्वेची हद्द, रोज दोन बोटे, रेल्वेच्याच दोन रुळांवरून पलीकडे नेली. या काळात त्या रुळांवरून सुमारे तीस हजार गाड्या गेल्या. एकही थांबून विचारपूस करायला उतरली नाही. रोजचा शेरा : सुसंगत.

दुसरा पावसाळा बराच लांबला. ताडपत्री फाटली, अक्काने ती शिवली. प्रतापरावने बाराव्या मजल्यावर तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. ती म्हणाली, "सरी, रंग वाळू दे."

पाहणीपासून चारशे एक्केचाळिसाव्या दिवशी मोजणी झाली. तीस मीटर आणि वर अर्धा इंच. रेल्वेचा संबंध संपला. महापालिकेने तीन आठवड्यांत परवानगी दिली आणि गेल्या महिन्यात स्लॅब टाकला. गँगने सुट्टीच्या दिवशी येऊन पाट्या उचलल्या. अक्का आता छत्रीशिवाय स्वयंपाक करते. प्रतापराव येतो, जेवतो, वर छताकडे पाहतो आणि एकटाच परत जातो.

आता वाचकांपैकी काहींना राग आला असेल. एवढी मोजणारी, तपासणारी, सही करणारी माणसे, आणि दोन वर्षे एकालाही मूळ रेषा आठवू नये? राग योग्य आहे. मुलांनी असा प्रश्न विचारला तर मला आनंदच होतो. मोठ्यांना मात्र मी आधी एक छोटे गणित देतो.

घरातली टेप घ्या आणि दारात या. खरेदीखतात लिहिलेला उंबरठा शोधा. त्याच्यापुढे पायरी असेल, पायरीपुढे गाडी चढवायचा उतार, उतारापुढे तुळस, तुळशीपुढे चार कुंड्या, आणि कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून ठेवलेले दोन दगड. त्याच्यापुढे जे थोडे उरले आहे, त्याला पूर्वी फुटपाथ म्हणत.

कालच्या दगडापासून मोजू नका. उंबरठ्यापासून मोजा.

सावकाश मोजा. मी थांबतो.