तळ्याची ओटी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. क्रोएशियात माझ्या साडूच्या पिशवीतला नारळ मीच पकडून दिला.

साडू म्हणजे बाबाराव. बोरी अरब या गावी त्याची कपाशी आणि तूर. कुठलंही पाणी दिसलं की हा माणूस थांबणार आणि विचारणार, "मोटर किती एच.पी.ची?" दारव्ह्याला एका लग्नाच्या हॉलात कारंजं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी बाबाराव कारंज्यात वाकून मोटरचा फूटव्हॉल्व्ह शोधत होता.

त्याच्या मुलीनं आईवडिलांना नागपूरच्या एका टूरमध्ये बसवून दिलं. कुसुमताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, गुडघ्यांनी व्हिसा काढायच्या वेळीच नकार दिला. तिच्या जागेवर मी, शाळेतला मास्तर, गेलो.

तिथं एक राष्ट्रीय उद्यान आहे. एकाखाली एक तळी, वरचं खालच्यात कोसळतंय, मधून लाकडी पायवाट. मोरपिशी पाणी पाहून आमच्या सगळ्या ग्रुपनं मोबाइल बाहेर काढले. बाबाराव मात्र अस्वस्थ.

"मास्तर, इतकं पाणी अन् मोटर एक नाही?"

"इथं शेती करत नाहीत, बाबाराव."

"मंग करंटची लाइन रातची असन त्याईची. रातीच खेचत असन."

मग गाइडबाईकडे वळून त्यानं विचारलं, "मॅडम, इसका सातबारा किसके नाम पे है?" आणि मला म्हणाला, "सांगा न इंग्रजीत." मी तिला विचारलं, पाण्यात मासे आहेत का. ती म्हणाली, आहेत.

"काय म्हनते?"

"सरकारच्या नावावर आहे."

"तरीच वाया चाललं."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यानं पिशवी उघडून दाखवली. नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकू. आपल्याकडे धरण भरलं की बाया ओटी भरतात, तशी या तळ्याची भरायची.

"कुसुमनं धाडलं. तुमी फक्त फोटो काढजा."

पाण्यात काहीही टाकायचं नाही, अशी पाटी शेजारीच होती. पण मी पुढं जे केलं ते पाटीसाठी नाही. ग्रुपमध्ये सगळे नागपूरचे डॉक्टर, इंजिनिअर. मला लाज वाटली. मी मागे रेंगाळलो आणि गाइडच्या कानात सांगितलं. तिनं हसत, अगदी अदबीनं पिशवी काढून घेतली.

"इले कसं कळलं बावा?"

"कॅमेरे असतील," मी म्हणालो.

बाबारावनं समोरच्या झाडाला, त्यात कॅमेरा असेल म्हणून, हात जोडले. "माफी द्या साहेब."

शेवटच्या मोठ्या धबधब्यापाशी ग्रुप सेल्फीत गुंतला होता. बाबाराव कठड्याला धरून उभा होता. त्याला मागे मी आहे हे ठाऊक नव्हतं.

"माय, कुसुम नाही आली," तो पाण्याला सांगत होता. "लग्न झालं तवापासून डोक्यावर पाणी वाह्यलं तिनं. मी म्हनो, विहिरीले पाणी लागन, मंग बस आरामात. नाही लागलं. नळ आला तवरिक गुडघे गेले. म्हनलं, एकडाव तिले तुह्यापाशी आनतो, तेही नाही झालं. ओटी आनली तं ते बी गेली. राग माह्यावर धरजो, तिच्यावर नको."

तुषार उडत होते. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिला.

परत आल्यावर बोरी अरबला चहा झाला. "भरली ओटी, झकास," बाबारावनं सांगून टाकलं. कुसुमताईनं कप माझ्यापुढे सरकवला.

"भाऊजी, याईचं काही खरं नसते. तुमी सांगा. भरली न?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग झालं माह्यं," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून माझ्यासाठी चिवडा आणायला उठली.

कुसुमताईला खरं उत्तर द्यायचं राहिलं आहे. आणि झाडात कॅमेरा नव्हता, मी होतो, हे बाबारावला सांगायचं राहिलं आहे.