एक पाय की दोन?

आमच्या सिंधीपुऱ्यात शांताकाकूंना नमस्कार केला की त्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. पहिला प्रश्न, "सूज आहे का? एक पाय की दोन?" बाई आहे की टोलनाका, असं मी बायकोला कितीदा म्हटलं असेल.

एकदा बुधवाऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेल्या आणि तिथल्या सेल्समनलाच पँट वर करायला लावली. दिवसभर उभा राहणारा माणूस, पोटरीवर गाठी पडलेल्या शिरा. "दुखतात? घोट्याजवळ कातडी काळी पडलीय, खाजते का? मग या हप्त्यात डॉक्टरला दाखव. जखम व्हायची वाट नको बघू." साडी राहिलीच. माझ्या सुनेच्या हातावरच्या हिरव्या शिरा बघून मात्र हसल्या. "उन्हाळा आहे, अंगावर मांस नाही, दिसणारच. कुछ नहीं होता."

दुसरी खोड तेलाची. फोडणीपुरतं सोडलं तर काकूंच्या घरात तेल नाही. केस कायम कोरडे, भुरभुर उडणारे. कारण विचारलं की "आवडत नाही" म्हणतात आणि विषय बदलतात.

मागच्या महिन्यात मी मुलीकडून, पुण्याहून आलो. बारा तास बसमध्ये पाय लोंबकळत होते. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली, हात लावला तर गरम. काकूंना कळलं तर गल्लीभर बोभाटा होणार, म्हणून मी चादर ओढून पडून राहिलो. बायकोनं, रेखानं, लसूण घालून तेल कढवलं. ती पायाला हात लावणार तोच काकू दारात.

लसणाच्या वासानं आल्या होत्या. त्यांनी चादर ओढली, पाय बघितला आणि तेलाची वाटी उचलून भिरकावली. भिंतीवर अजून डाग आहे. रेखा रडायला लागली. मी चिडून म्हणालो, "काकू, हे अति होतंय."

"गप बस. एकच पाय सुजलाय, म्हणजे आत काहीतरी अडलंय. चोळायचा नाही, दाबायचा नाही. रेखा, रिक्षा बोलाव. सीधा दवाखाना." त्यांचा आवाज थरथरत होता. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

रिक्षात दर खड्ड्याला त्या विचारत होत्या, धाप लागतेय का, छातीत दुखतंय का. खरं तर धाप त्यांनाच लागली होती.

सोनोग्राफीत आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, चोळलं नाही ते बरं केलं, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. इंजेक्शनं सुरू झाली. रेखा डबा आणायला घरी गेली, तेव्हा काकू माझ्या खाटेशी बसून हळू आवाजात बोलायला लागल्या.

"तुझ्या काकांचा पाय असाच सुजला होता. मी लसणाचं तेल करून तासभर चोळला. त्यांना बरं वाटलं रे. म्हणाले, अजून थोडं चोळ. मग पाणी प्यायला उठले आणि धाप लागली. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत."

मी त्यांचा हात हातात घेतला. मनगटापासून बोटांपर्यंत शिरा ठळक वर आलेल्या. मी त्या बघतोय हे काकूंना कळलं.

"दोन्ही हातांना आहेत," त्या म्हणाल्या. "काही नाही होत."