ब्रोकन ट्रॅक्टर सोसायटीचे टिपणीसकाका

टिपणीसकाका माझ्या किराणा दुकानात शिरले की मी आधी रेडिओ बंद करतो. कारण गिटार वाजली रे वाजली, की ते ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करतात आणि सगळी रांग थांबवतात. "थांबा! हे कुणाचं आहे?" कुणी कोथिंबिरीची जुडी घेऊन उभं, कुणाच्या खांद्यावर पिठाची पिशवी. एखादा बिचारा गायकाचं नाव सांगतो. काका दयेने हसतात. "हा तर आत्ताचा. मूळ वेगळं आहे."

ते मूळ नेहमी एकच असतं. ब्रोकन ट्रॅक्टर सोसायटी.

हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आमच्या सांगलीकडची एखादी बुडालेली सहकारी संस्था असणार. तो निघाला अमेरिकेतला चौघांचा बँड. बुडालेला मात्र खरंच होता. दोन रेकॉर्डी काढल्या, कुणी घेतल्या नाहीत, चौघं चार दिशांना गेले. गाण्याचा प्रकार अल्टरनेटिव्ह कंट्री. म्हणजे अमेरिकन खेड्यातली गाणी, ट्रक, दारू आणि सोडून गेलेली बायको, ती रॉकवाल्या पोरांनी खरखरीत गिटारवर म्हणायची. काकांचं म्हणणं असं की पुढे ज्यांनी असल्या गाण्यांवर स्टेडियमं भरली, त्या सगळ्यांनी या चौघांचं ऐकूनच गिटार हातात धरली. "नाव त्यांचं झालं, माने, आणि घाम यांचा!" हे बोलताना त्यांचा आवाज चढतो आणि माझी गिऱ्हाइकं दाराकडे बघू लागतात.

दुसरा कुणी असता तर मी दंडाला धरून बाहेर काढला असता. काकांना काढत नाही, त्याला कारण आहे. जर्मनीतल्या या बॉबलिंगेनमध्ये ताजा कढीपत्ता मी आणला. मी! स्वतःच्या खटारा गाडीतून, विमानतळावर हुज्जत घालून. आज तो सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीत मिळतो, आणि आमच्या मराठी मंडळाने स्मरणिकेत इथल्या देशी दुकानांवर लेख छापला तर त्यात माझं नाव नाही. फोटो माझ्या दुकानाचा, नाव नाही! अजून आठवलं की डोकं फिरतं. हे काकांना कळल्यापासून, कुणी कढीपत्ता उचलला की त्यांचा हात वर. "थांबा! हा या गावात पहिल्यांदा कुणी आणला?" सांगा, अशा माणसाला कसं काढायचं?

काका त्सुफेनहाउझेनच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, ते विचारू नये. उत्तर एखाद्या बँडपासून सुरू होतं. माझ्या बायकोने एकदा जेवायला बोलावलं, तर आमटीचा पहिला भुरका मारून विचारलं, "वहिनी, हा गोडा मसाला कुणाचा?"

"आईचा."

"त्यांना कुणी शिकवला?"

असं करत बायकोच्या पणजीपर्यंत पोचले, आणि मग उभं राहून त्या माउलीचे आभार मानले. आमटी गार झाली.

गेल्या वसंतात ते दुकानात आले, रेडिओ चालू राहिला होता, गिटार वाजत होती, आणि हात वर झाला नाही. मी घाबरलो.

"काय काका, बरं नाही का?"

"तो येतोय, माने. सोसायटीचा गायक. एकटाच. त्सुफेनहाउझेनला, एका गास्टहाउसच्या मागच्या खोलीत."

"मग पेढे काढा की!"

"मालक म्हणतो, तिकिटं गेलेली नाहीत. खोली भरत नसेल तर तो कार्यक्रम रद्द करणार." ते काउंटरवरचा वजनकाटा उगाच रुमालाने पुसू लागले. "अहो, त्याचं वय झालंय. आत्ता नाही आला तर परत नाही यायचा."

घासाघीस म्हटली की माझ्या अंगात येतं. मी त्या खाणावळीत गेलो. मालक अस्सल श्वाबियन, इथल्याच मुलखातला, म्हणजे चिकटपणात माझ्या तोडीचा.

"खोली मी भरतो," मी म्हणालो. "पण रविवारी दुपारी ठेवायचं. आमच्यात म्हातारी माणसं आहेत."

"असं बघा, दुपारी माझी केकची गिऱ्हाइकं असतात. मग प्रत्येकाने जेवण घेतलं पाहिजे."

"शाकाहारी काय आहे?"

"चिकन."

इथे माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथून आचारी बाहेर आला, तो शहाणा निघाला. शेवटी केझेश्पेट्झलेवर, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या जाड शेवयांवर, तोड निघाली. हिरव्या मिरच्या माझ्याकडून.

मग मी गिऱ्हाइकांना पकडायला लागलो. अल्टरनेटिव्ह कंट्री म्हणालो असतो तर कुत्रं फिरकलं नसतं. मी सांगितलं, "अमेरिकन भावगीतांची मैफल आहे, जेवणासकट." शेवटी विकणं हाच माझा धंदा.

खोली भरली. मंडळाचे अध्यक्षसुद्धा आले. त्यांना मी खांबामागची खुर्ची दिली. सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई इरकली नेसून पहिल्या रांगेत. काका त्यांच्या पलीकडे, इस्त्रीच्या शर्टात, लग्नघरातल्या वधूपित्यासारखे कासावीस.

गायक उंच, वाळका, हॅटवाला. त्याने खोलीभर पसरलेल्या साड्या बघितल्या आणि आपण बरोबर पत्त्यावर आलो ना, अशा नजरेने मालकाकडे पाहिलं. मग गाऊ लागला. तिसरं गाणं फार संथ होतं.

"जावईबापू, काय म्हणतोय तो?"

"त्याचं घोडं गेलं वाटतं."

"अरेरे. पण सूर काय लागलाय हो!"

गाणं संपलं. जर्मन मंडळी टाळ्यांसाठी हात वर करत होती, तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "वन्स मोअर!" नाटकांवर वाढलेली आमची जनता ती. अख्खी खोली ओरडली, "वन्स मोअर!"

गायक गडबडला. आपलं गाणं लोकांना नीट ऐकू गेलं नाही, असं त्याला वाटलं. मालकाने धावत जाऊन आवाज वाढवला. तेव्हा काका उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, आमच्याकडे गाणं फार आवडलं की पुढे जाऊ देत नाहीत. तेच पुन्हा गायचं."

त्या माणसाने हॅट काढून खुर्चीवर ठेवली. तारा पुन्हा जुळवल्या, आणि तेच गाणं पहिल्यापेक्षा सावकाश गायला. सासूबाईंचं तेवढ्याने भागलं नाही. घोडं तिसऱ्यांदा गेलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी खुर्ची चक्क फिरवली होती. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं तो माणूस पाठीमागे गात होता, आणि हे आमच्याकडे तोंड करून बसले होते. एकेकाचा चेहरा बघत होते. सासूबाईंचा, माझ्या बायकोचा, खांबामागून वाकलेल्या अध्यक्षांचासुद्धा.

कार्यक्रमानंतर गायकाने त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

बायको आणि सासूबाई ओळखीच्यांच्या गाडीतून गेल्या. मी काकांबरोबर एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, वाट बघत बाकावर बसलो.

"घरी मी हेडफोन लावून ऐकतो, माने," काका म्हणाले. "भिंती पातळ. खालच्या बाईंनी एकदा तक्रार केली, तेव्हापासून." मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून हे आज पहिल्यांदाच ऐकलं."

मग त्यांनी माझ्या बुटाकडे बोट दाखवलं.

"त्या घोड्याच्या गाण्याला तुमचा पाय हलत होता ना? मी बघितलं."

खरं म्हणजे त्या लाकडी खुर्चीवर माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी तो झटकत होतो.

"हो," मी म्हणालो. "आपोआप हलत होता."

"पहिल्यांदा गायला तेव्हा, की नंतर?"

"तिन्ही वेळा, काका."

त्यांनी मान डोलावली. मग हलक्या आवाजात तेच गाणं गुणगुणत माझ्या बुटाकडे बघत राहिले. गाडी यायला बराच उशीर होता. तोवर मी पाय हलवत बसलो.