डावरा खुनी

एक गोणपाट. त्याला दोन भोकं.

बीटाचा रस, अडीच लिटर.

घरात डाव्या हातानं वाढायचं नाही.

एक शेरडू, ज्याला कुणीच बोलावलं नव्हतं.

चोवीस मिनिटं, अकरा सेकंद.

आष्टीच्या बाजारात गुंडप्पाचं लोखंडी अवजारांचं दुकान. ऊसतोडीला निघणारी निम्मी माणसं कोयता त्याच्याकडूनच घेतात. अशा, कोयत्यांच्या ढिगात बसून पोट भरणाऱ्या माणसाला बायकोच्या मोबाइलमधल्या एका कोयत्यानं घायाळ केलं.

सिनेमाचं नाव ‘फडातला हैवान’. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या शहादेवनं बारा वर्षांपूर्वी जवळच्याच उसात तो केला होता. तेव्हा कुणी पाहिला नाही. नेटवर चढवल्यापासून तीनशे बारा वेळा पाहिला गेला होता, त्यातले तीनशे वेळा तरी शिवकांतानं. दुपारी दुकान बंद करून गुंडप्पा जेवायला आला, की ताटाशेजारी फोन उभा आणि पडद्यावर गोणपाट घातलेला खुनी.

“काय ठेवलंय त्यात? रगत बी धड न्हाई.”

“बीटाचा रस हाय तो. दोन दिवस नखातून जात न्हाई.”

“तुला काय ठावं?”

“दिसतंय की.” शिवकांतानं उजव्या हातानं आमटी वाढली. निम्मी ताटाबाहेर गेली. लग्नापासून अकरा वर्षं अशीच जात होती. “मोठ्या पिक्चरात भूत कॉम्प्युटरचं असतंय. हितं गोणपाटाखाली घामाघूम झालेला खरा माणूस हाय. आन् हे, हे बघा!”

चोवीस मिनिटं, अकरा सेकंद. खुनी कोयता उगारतो. मध्येच एक शेरडू येऊन उभं राहतं. खुनी थांबतो, त्याला हळूच बाजूला करतो आणि मग खून करतो.

“एवढ्या घाईत बी मुक्या जिवाला लाथ न्हाई मारली,” ती म्हणाली. आवाज इतका मऊ, की गुंडप्पाच्या घशात भाकरी अडकली. लग्न झाल्यापासून हा आवाज त्याच्यासाठी एकदाही निघाला नव्हता.

पण धंद्यातल्या नजरेनं एक गोष्ट टिपली. खुनी डावरा होता.

गुंडप्पा उठला तो तडक शहादेवच्या स्टुडिओत. शहादेव शिवकांताचा मामेभाऊ, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती.

“दाजी, नाव न्हाई सांगणार. शपथ घातलीय मला. घरदार हाय, लोक काय म्हणतील?”

“लगीन झालंय?”

“झालंय की. लई चांगल्या घरी पडलंय.”

गुंडप्पाला रस्ताभर ते चांगलं घर दिसत राहिलं.

चौकात मुस्तकीमचा कलिंगडांचा गाडा होता. शिवकांता कलिंगड त्याच्याकडूनच घ्यायची, आणि मुस्तकीमच्या डाव्या हातात सुरी होती.

“बारा वर्षांमागं कुठं होतास बे?”

“चौथीत था सेठ. कावून?”

गुंडप्पा वरमला, पण माघार घेणं जमेना. “आधी ते उजव्या हातानं काप.”

मुस्तकीमनं कापलं. अंगठ्याला तीन टाके पडले. गुंडप्पानंच त्याला दवाखान्यात नेलं, घरी सोडलं, गाडा स्वतःच्या दुकानापुढे ढकलत आणला. कलिंगडांवर एक ओलं गोणपाट होतं. ते बघून त्याच्या डोक्यात आलं, की त्या माणसात असं काय आहे जे आपल्यात नाही? गोणपाटच ना?

दोन भोकं पाडून, दुकानातला कोयता घेऊन गुंडप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आई, केसरबाई, देवळात गेली होती. शिवकांता भाकरी थापत होती.

“मी हैवान हाय!”

“दारात झटका आधी. मुंग्या आल्यात संगं.”

“अगं, हैवान!”

आता तिनं वळून त्याला नखशिखांत न्याहाळलं. “खांदा कावून वर धरलाय? पाय ओढत या. दम लागल्यावानी श्वास घ्या... न्हाई जमत. आणा इकडं.”

तिनं गोणपाट चढवलं. कोयता डाव्या हातात घेतला. एक पाऊल ओढलं. मग दुसरं. आतून तो श्वास आला, आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यासकट गुंडप्पा मागं कोसळला. त्याची किंकाळी बाजारपेठेत ऐकू गेली.

केसरबाई धावत आल्या. मुलगा पांढराफटक जमिनीवर, समोर गोणपाट आणि उगारलेला कोयता. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “शिवकांता, डावा हात खाली कर!”

पिठात पडल्या पडल्या गुंडप्पा कण्हला. मार पाठीला नव्हताच, काळजाला होता. ही त्या नटाचा हातसुद्धा पाठ करून बसली होती!

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली: डावऱ्या माणसांना कोयता मिळणार नाही.

ऐन शूटिंगला नटाला कावीळ झाली म्हणून शहादेवनं ते गोणपाट आपल्या आतेबहिणीला घातलं होतं. शेरडू तिच्याच घरचं होतं.